दातासारखी द्रव्ये

हाड मोडले तर ते सांधते, त्वचा कापली तर ती भरून येते, नख तुटले तर ते पुन्हा वाढते. शरीराला झालेली इजा शरीरच दुरुस्त करते, हा सजीवांचा सामान्य नियम होय. दात मात्र या नियमाला मोठा अपवाद आहे. दाताचा टवका एकदा उडाला, किंवा किडीने त्यात खळगा पडला, की तो खळगा शरीर भरून काढीत नाही. याचे कारण दाताच्या जन्मातच दडलेले आहे. दाताचे बाह्य कवच ज्या पेशी रचतात, त्या दात हिरडीतून वर येता येताच नाहीशा होतात. कवच तयार झाले, कारागीर निघून गेले, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे तेवढ्याच कवचावर काढावयाची, अशी मनुष्याची स्थिती आहे.

म्हणून दाताची उणीव भरून काढण्यासाठी बाहेरचे द्रव्य शोधणे मनुष्यास भाग पडले. हा शोध फार जुना आहे. इटलीतील इट्रुस्कन लोक ख्रिस्तपूर्व सातव्या शतकाच्या सुमारास सोन्याच्या पट्टीत दात बसवीत आणि ती पट्टी शेजारच्या दातांना अडकवीत. त्यानंतर हस्तिदंत, चिनी माती, धातू, रबर, राळेसारखी कृत्रिम द्रव्ये अशा अनेक पदार्थांची मनुष्याच्या तोंडात परीक्षा झाली. या दीर्घ परीक्षेतून एक गोष्ट हळूहळू स्पष्ट होत गेली. दाताहून कठीण किंवा दाताहून बळकट द्रव्य मिळविणे फारसे अवघड नाही. खरी अडचण दातासारखे द्रव्य मिळविण्याची आहे. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम दाताची घडण पाहिली पाहिजे.

दाताची घडण

दात वरून एकजिनसी दिसतो, परंतु तो निरनिराळ्या द्रव्यांच्या थरांनी बनलेला असतो. हिरडीच्या वर दिसणाऱ्या भागावर सर्वांत बाहेर दंतवल्काचा थर असतो. दंतवैद्य त्यालाच एनॅमल म्हणतात. त्याच्या आत दंतिन हे पिवळसर द्रव्य असते. दाताचा बहुतेक भाग दंतिनाचाच असतो. दंतिनाच्या पोटात मज्जातंतू व रक्तवाहिन्या असलेला मऊ गर असतो.

दंतवल्क हे मानवी शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. वजनाने त्याचे शेकडा ९६ भाग खनिज असते. उरलेल्या भागात पाणी आणि थोडे सेंद्रिय द्रव्य असते. हे खनिज मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे बनलेले असून त्यास हायड्रॉक्सिॲपेटाइट असे नाव आहे. त्याचे अतिसूक्ष्म, लांबट स्फटिक एकत्र येऊन बारीक कांड्या बनतात. प्रत्येक कांडीची जाडी सुमारे ५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा दोनशेवा हिस्सा असते. या कांड्या दंतिनापासून निघून दाताच्या पृष्ठभागापर्यंत जातात. आतल्या बाजूस त्या एकमेकींत विणल्याप्रमाणे वाकतात. त्यामुळे दंतवल्कात एखादी चीर पडली, तरी तिला सरळ वाट मिळत नाही. वळणे घेता घेता तिचा जोर ओसरतो.

दंतिनाची रचना वेगळी आहे. त्यात वजनाने सुमारे शेकडा ७० भाग खनिज, २० भाग सेंद्रिय द्रव्य आणि १० भाग पाणी असते. हे सेंद्रिय द्रव्य बहुतांशी कोलॅजेनच्या तंतूंचे असते. मातीची भिंत भेगाळू नये म्हणून मातीत भुसा किंवा काड कालवितात. कोलॅजेनचे तंतू दंतिनात काहीसे तेच काम करतात. दंतवल्क दंतिनाच्या सुमारे चौपट ताठ आहे, परंतु ते ठिसूळ आहे. दंतिन त्या मानाने लवचीक आहे आणि सहजासहजी तडकत नाही. दाढेने जोर लावून चावताना पडणारा दाब पन्नास-साठ किलोग्रॅम वजनाइतका, कधी त्याहूनही अधिक असतो. एवढा दाब दंतवल्क एकट्याने सोसू शकले नसते. कठीण कवच आणि चिवट गाभा यांच्या जोडीमुळेच तो सोसला जातो. या दोहोंमधील सीमाही सपाट नसून कंगोऱ्यांची असते, आणि दंतवल्कातली चीर बहुधा त्या सीमेपाशी थांबते.

याचा अर्थ असा की, दाताची जागा घेणाऱ्या द्रव्याला एकाच वेळी अनेक अटी पाळाव्या लागतात. ते दातासारखे दिसले पाहिजे, दाताइतकेच झिजले पाहिजे, उष्णतेने दाताइतकेच प्रसरण पावले पाहिजे, दाब सोसला पाहिजे आणि दाताला घट्ट धरून राहिले पाहिजे. आजवरच्या प्रत्येक द्रव्याने यांपैकी काही अटी पाळल्या आणि काही मोडल्या.

रूपाचे साम्य

अठराव्या शतकापर्यंत युरोपात कवळ्या हस्तिदंतातून किंवा पाणघोड्याच्या दातातून कोरीत असत. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये अधिकारग्रहण केले, तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती अशी आख्यायिका आहे, पण ती खरी नाही. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचे दात, शिसे, सोने आणि माणसांचे दातही वापरलेले होते. माणसांच्या दातांचा हा व्यापार पुढेही चालू राहिला. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे दात काढून विकण्यात आले, आणि नंतर कवळीत बसविलेल्या मानवी दातांना ‘वॉटर्लूचे दात’ असेच नाव पडले.

या द्रव्यांचे रूप दातासारखे होते यात नवल नाही, कारण ती दातच होती. तथापि तोंडात ती टिकत नसत. हस्तिदंत म्हणजे वस्तुतः दंतवल्काचे कवच नसलेले दंतिन होय. ते लाळ शोषून घेई, काळे पडे आणि त्याला दुर्गंधी येई. फ्रान्समधील सेंट जर्मेन-आं-ले या गावचा औषधविक्रेता अलेक्सी द्यूशातो हा स्वतःच्या कवळीच्या दुर्गंधीमुळे त्रस्त झाला होता. आपल्या दुकानातील चिनी मातीच्या भांड्यांना वास लागत नाही, हे त्याला ठाऊक होते. १७७४ च्या सुमारास त्याने चिनी मातीची कवळी करवून घेण्याचा प्रयत्न केला. निकोला द्यूबुआ द शेमां या दंतवैद्याने ती कल्पना सुधारली आणि १७८९ मध्ये तिचे पेटंट मिळविले.

चिनी मातीची अडचण कोणत्याही कुंभाराच्या ध्यानात येईल अशीच होती. भट्टीत भाजताना माती आकसते. भांडे थोडे लहान झाले तर चालते. कवळी हिरडीवर तंतोतंत बसली पाहिजे. ही अडचण जूझेप्पांजेलो फोन्झी या इटालियन दंतवैद्याने १८०८ मध्ये पॅरिस येथे एका युक्तीने कमी केली. त्याने अखंड कवळीऐवजी एकेक सुटा दात भाजला आणि त्याच्या पाठीत प्लॅटिनमची आकडी बसविली. तिच्या साहाय्याने दात पट्टीला जोडता येऊ लागला.

पुढे चिनी मातीच्या दाताचे रूप इतके साधले की, जवळून पाहूनही तो ओळखू येईना. दंतवल्क काहीसे पारभासक असते आणि दाताचा रंग मुख्यतः आतल्या दंतिनाचा असतो. म्हणून कारागीर आत अपारदर्शक, पिवळसर थर देत आणि त्यावर पारभासक थर चढवीत. नैसर्गिक दाताचा आणखी एक गुण असा की, जंबुपार किरणांत तो निळसर-पांढऱ्या तेजाने चमकतो. कृत्रिम दात अशा प्रकाशात काळसर दिसत. हा भेद घालविण्यासाठी विसाव्या शतकात चिनी मातीत चक्क युरेनियमची संयुगे अल्प प्रमाणात मिसळीत असत. त्यांचा किरणोत्सर्ग ध्यानात घेऊन ही पद्धती नंतर सोडून देण्यात आली, आणि युरेनियमच्या जागी दुर्मिळ मृदा धातूंची संयुगे आली.

कठीणपणाचा दोष

रूप साधले तरी गुणांचा प्रश्न शिल्लक होता. दाढा या जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणे एकमेकींवर फिरतात. जात्याची एक तळी फार कठीण आणि दुसरी मऊ असेल, तर मऊ तळी लवकर झिजून जाते. तोंडात हाच नियम चालतो. नैसर्गिक दाढ समोरच्या नैसर्गिक दाढेवर घासते, तेव्हा दोहोंची झीज वर्षाला मिलिमीटरच्या काही शतांशांहून अधिक नसते. त्याच जागी खरबरीत चिनी मातीचा दात आला, तर तो स्वतः झिजत नाही, समोरच्या नैसर्गिक दाताचे दंतवल्क मात्र खरवडून काढतो. एक दात वाचविण्यासाठी दुसरा गमवावा, असा हा व्यवहार होतो.

उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाची गोष्टही अशीच आहे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना लोहार ती तापवितो. तापून ती फुगते, आणि थंड झाल्यावर आकसून चाकाला घट्ट बसते. गरम चहा घेऊन त्यावर थंड पाणी प्यायले असता दाताचेही असेच फुगणे-आकसणे होते. दात व त्यातील भरण सारख्याच प्रमाणात फुगले, तर काही बिघडत नाही. परंतु साध्या ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे प्रसरण दाताच्या सुमारे सातपट असते. असे भरण प्रत्येक घोटाबरोबर कडेपासून सुटू पाहते. त्या फटीत लाळ, अन्नकण आणि जंतू शिरतात आणि भरणाखाली पुन्हा कीड लागते.

आपल्याकडे ज्याला ‘चांदी भरणे’ म्हणतात, ते भरण पारा आणि चांदी, कथील, तांबे इत्यादी धातूंच्या मिश्रणाचे असते. त्यात वजनाने सुमारे निम्मा पारा असतो. हे भरण बळकट आणि स्वस्त असल्यामुळे दीडशे वर्षांहून अधिक काळ ते जगभर वापरले गेले. त्याचे रूप मात्र दाताचे नव्हते, प्रसरण दाताच्या सुमारे दुप्पट होते, आणि मुख्य म्हणजे ते दाताला चिकटत नसे. ते निसटू नये म्हणून खळगा आत रुंद व तोंडाशी अरुंद करावा लागे. त्यासाठी दाताचा काही निरोगी भागही कोरून टाकावा लागे. जो भाग पुन्हा कधीच तयार होणार नाही, तोच असा खर्ची पडे. पाऱ्यामुळे होणाऱ्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी २०१३ मध्ये मिनामाटा करार संमत झाला, आणि त्यात या भरणाचा वापर कमी करीत जाण्याचे ठरले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून, वैद्यकीय दृष्ट्या अपरिहार्य असेल ते सोडून, त्याचा वापर बंद केला आहे.

चिकटण्याचा प्रश्न

दाताला चिकटणारे द्रव्य मिळाले, तर निरोगी भाग कोरावा लागणार नाही, हे उघड होते. पण दात सदैव ओला असतो, आणि ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागाला काही चिकटविणे कठीण असते. अमेरिकेत रॉचेस्टर येथे काम करणारे मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये यावर मार्ग दाखविला. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत धातूवर फॉस्फरिक आम्लाची प्रक्रिया करतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी तेच आम्ल दंतवल्कावर अर्धा मिनिट लावले आणि मग ते धुऊन टाकले. आम्लाने दंतवल्काच्या कांड्या असमान प्रमाणात विरघळून पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. त्यांत पातळ प्लॅस्टिक शिरून घट्ट झाले, म्हणजे ते निघता निघत नसे. गुळगुळीत भिंतीवर गिलावा करण्यापूर्वी गवंडी तिला टाचे मारून खडबडीत करतो, त्यातलाच हा प्रकार होय.

चिकटविण्याची युक्ती मिळाली, पण चिकटविण्याजोगे द्रव्य अजून हवे होते. ते अमेरिकेच्या मानक कार्यालयातील रसायनशास्त्रज्ञ राफेल बोवेन यांनी दिले. १९६२ मध्ये त्यांनी पेटंट घेतलेल्या मिश्रणात नव्या प्रकारचे राळद्रव्य होते आणि त्यात गारेची अतिशय बारीक पूड मिसळलेली होती. पूड व राळ सुटी होऊ नये म्हणून पुडीच्या प्रत्येक कणावर एका जोडद्रव्याचा लेप दिलेला होता. दंतिनात खनिज आणि सेंद्रिय तंतू एकत्र नांदतात. येथेही खनिज पूड आणि सेंद्रिय राळ एकत्र नांदतात. पुडीमुळे प्रसरण कमी झाले, बळ वाढले आणि रंग दाताशी जुळविता येऊ लागला. दंतवैद्य निळ्या प्रकाशाच्या दिव्याने काही सेकंदांत जे पांढरे भरण कठीण करतात, ते याच कुळातले आहे. कठीण होताना ते आकारमानाने शेकडा दोन-तीन भाग आकसते, हा त्याचा दोष अजून पुरता गेलेला नाही. म्हणून ते एकदम न भरता थराथराने भरावे लागते.

दुसरे द्रव्य लंडन येथील शासकीय रसायन प्रयोगशाळेत निर्माण झाले. ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी फ्लुओराइडयुक्त काचेची पूड पॉलिॲक्रिलिक आम्लात कालवून एक सिमेंट बनविले, आणि १९७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ते प्रसिद्धीस आणले. त्यास ग्लास आयोनोमर म्हणतात. या सिमेंटातील आम्ल दातातील कॅल्शियमशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडते, म्हणून त्याला ओल्या दाताचे वावडे नाही. त्याचे प्रसरण दाताच्या जवळपास असते. शिवाय त्यातून फ्लुओराइड हळूहळू झिरपत राहते आणि भोवतालच्या दाताला आम्लापासून काही संरक्षण देते. मात्र ते ठिसूळ आहे आणि दाढेच्या घर्षणाने लवकर झिजते.

असे असूनही या साध्या सिमेंटाचे मोल फार आहे. १९८० नंतरच्या दशकात टांझानियात दंतवैद्यांनी अशी पद्धती सुरू केली की, विजेवर चालणारे यंत्र न वापरता हातातील उपकरणांनी किडका, मऊ भाग खरवडून काढावयाचा आणि खळगा या सिमेंटाने भरावयाचा. जेथे वीज नाही, दवाखाना नाही, तेथे शाळेच्या वर्गातही हे काम होऊ शकते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ग्लास आयोनोमर सिमेंटाचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. सर्वांत बळकट नसलेल्या द्रव्याला हा मान मिळाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

चीर थांबविणारी माती

दाताचा बराचसा भाग गेला असेल, तर उरलेल्या भागावर टोपी बसवावी लागते. चिनी मातीची टोपी सुंदर दिसते, पण तडकते. हे तडकणे थांबविणारे एक विलक्षण द्रव्य म्हणजे झिर्कोनिया, अर्थात झिर्कोनियम धातूचे ऑक्साइड. रॉन गार्वी आणि त्यांचे सहकारी या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये त्याचा एक गुण जगापुढे मांडला. या द्रव्याचे स्फटिक एका विशिष्ट रचनेत जणू दबा धरून बसलेले असतात. त्यात चीर पडू लागली, की चिरेच्या टोकाशी असलेले स्फटिक आपली रचना बदलतात आणि आकारमानाने सुमारे शेकडा चार भाग फुगतात. या फुगण्यामुळे चीर दोन्ही बाजूंनी आवळली जाते आणि तिची वाट बंद होते. दंतवल्क चिरेला वळणे घ्यावयास लावते; झिर्कोनिया तिचे तोंडच दाबून टाकते. साध्य एकच, पण साधन निराळे.

या बळाची किंमत रूपाने द्यावी लागली. सर्वांत बळकट झिर्कोनिया खडूसारखे अपारदर्शक असते. त्यात यिट्रियमच्या ऑक्साइडचे प्रमाण वाढविले तर ते अधिक पारभासक होते, पण स्फटिकांची रचना बदलण्याची क्षमता कमी होऊन बळही घटते. म्हणून दाढांसाठी एक प्रकार आणि पुढच्या दातांसाठी दुसरा, अशी निवड करावी लागते. प्रयोगान्ती आणखी एक उपयुक्त गोष्ट आढळून आली. झिर्कोनिया दंतवल्काहून पुष्कळ कठीण असले, तरी त्याला आरशासारखी झिलई दिली असता ते समोरच्या दाताची झीज फारशी करीत नाही. अर्थात जात्याच्या तळीचा कठीणपणा जितका महत्त्वाचा, तितकाच तिचा खरबरीतपणाही महत्त्वाचा आहे.

दंतवल्काचेच अनुकरण

अलीकडे शास्त्रज्ञांनी दंतवल्काच्या रचनेचेच अनुकरण करण्याचा प्रयत्न आरंभिला आहे. २०२२ मध्ये बीजिंग येथील बैहांग विद्यापीठातील संशोधकांनी हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या अतिसूक्ष्म तारा घेतल्या, त्यांवर झिर्कोनियाचा पातळ लेप चढविला, आणि गोठविण्याच्या एका पद्धतीने त्या एकाच दिशेने ओळीत बसविल्या. मधल्या जागेत त्यांनी एक सेंद्रिय बहुवारिक भरले. सिद्ध झालेले द्रव्य ताठपणा, कठीणपणा आणि चिवटपणा या गुणांत दंतवल्काच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरले. परंतु हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार होते. तोंडातल्या दातावर ते वाढविता येत नाही.

दातावरच नवे दंतवल्क वाढविण्याचा प्रयोग २०१९ मध्ये चीनमधील चच्यांग विद्यापीठात झाला. तेथील संशोधकांनी कॅल्शियम व फॉस्फेट यांचे अतिसूक्ष्म पुंजके असलेले द्रावण काढलेल्या दातांवर लावले. ४८ तासांत जुन्या स्फटिकांच्याच रचनेला धरून नवा थर वाढला. त्याची जाडी सुमारे २.७ मायक्रॉन भरली. दाढेच्या उंचवट्यांवरील दंतवल्क सुमारे अडीच मिलिमीटर, म्हणजे या थराच्या नऊशे पटींहून अधिक जाड असते. मार्ग सापडला आहे, पण वाटचाल बरीच उरली आहे.

तोवर नैसर्गिक दंतवल्क राखणे हेच शहाणपणाचे ठरते, आणि त्याची सर्वाधिक गरज बालवयात असते. मुलाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दुधाचा दात पडत नसल्यामुळे पुष्कळ पालकांना तीही दुधाचीच वाटते. ती किडली तरी पडेल आणि दुसरी येईल, असे ते समजतात. वस्तुतः ती कायमची दाढ असते आणि तिच्या जागी दुसरी कधीच येत नाही. तिच्या माथ्यावर अरुंद, खोल खाचा असतात. दात घासण्याच्या कुंच्याचे केस त्यांत पोहोचत नाहीत, म्हणून कीड बहुधा तेथूनच आरंभ करते. बुओनोकोर यांनी आपली आम्लाची युक्ती १९६० नंतरच्या दशकात याच खाचांसाठी वापरली. किडीने घर करण्यापूर्वीच खाच पातळ राळेने बुजवून टाकली, तर अन्न आणि जंतू यांस तेथे थारा मिळत नाही. हे काम काही मिनिटांत होते, त्यात दुखत नाही, आणि निरोगी दाताचा कणही कोरावा लागत नाही. दातासारख्या द्रव्यांच्या शोधातून मनुष्यास जे लाभ झाले, त्यांत हा लहानसा लेप आकाराने सर्वांत क्षुल्लक आहे. पण मूळ दात जागच्या जागी राखण्याचे काम तोच करतो.